वाळूजमध्ये बनवून घेतलेला रोटरी विमान-इंजिनाचा सायलेन्सर

हौसेने विमान बांधणाऱ्याने त्यात मोटारीचे रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारे इंजिन, बसवायचे ठरवले, की इंजिन मिळवण्याइतकेच अवघड काम पुढे उभे राहते. त्या इंजिनाच्या एक्झॉस्टपुढे टिकणाऱ्या नळ्या आणि सायलेन्सर बनवून देणारा कारागीर शोधावा लागतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा फॅब्रिकेशन कारखान्याने आमच्या दोन आसनी विमानासाठी ही संपूर्ण व्यवस्था बनवून दिली. तिच्यावर जमिनीवरच्या पुरेशा चाचण्या झाल्या असल्याने आता तिच्याविषयी सविस्तर लिहिता येईल. विमान अजून उडालेले नाही आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीचा टप्पा पुढे आहे, त्यामुळे येथे लिहिलेले सर्व काही जमिनीवरच्या धावण्यावर आधारलेले आहे. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मालकांकडे पुरवठादारांची नियमित कामे भरपूर आहेत आणि सुट्या कामांची गर्दी त्यांना नको आहे. शिवाय वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे टिग वेल्डिंगची (आर्गन वायूच्या आवरणात विजेने केलेल्या जोडणीची) उत्तम कामे करणारे इतरही आहेत, आणि त्यांच्याकडे जाताना काय मागावे व काय तपासावे हे या परीक्षणावरून कळू शकेल.

निष्कर्ष आधीच सांगतो. वेल्डिंग आणि रचना यांबाबत हे काम फार वरच्या दर्जाचे आहे, वजन थोडे जास्त झाले आहे, कागदपत्रांची बाजू कमकुवत आहे आणि कबूल केलेली तारीख पाळली गेली नाही.

आमचे इंजिन माझदाचे १३बी आहे. प्रत्येक रोटरमागे ६५४ घनसेंटिमीटर, म्हणजे दोन रोटरचे मिळून १३०८ घनसेंटिमीटर एवढीच त्याची क्षमता मोजली जाते. परंतु एक्झॉस्टच्या दृष्टीने पाहिले तर या लहान आकड्यावरून कामाची काहीच कल्पना येत नाही. रोटर शाफ्टच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो आणि त्याला तीन बाजू असतात, त्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोटर एकदा धक्का देतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर दोन रोटरचे सेकंदाला २०० धक्के एक्झॉस्टमध्ये उतरतात. विमानात सर्रास दिसणारे चार सिलिंडरचे लायकमिंग इंजिन २७०० फेऱ्यांवर सेकंदाला ९० धक्के देते. आमच्या विमानात २.८५ पट वेग कमी करणारा गिअरबॉक्स असल्याने पंखा सुमारे २१०० फेऱ्यांवर निवांत फिरत असतो आणि इंजिन मात्र त्याच्या जवळपास तिप्पट वेगाने ओरडत असते.

धक्क्यांच्या संख्येपेक्षाही त्यांचे स्वरूप अधिक त्रासदायक आहे. पिस्टन इंजिनात एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह हळूहळू उचलला जातो आणि वायूला बाहेर पडायला वाट क्रमाने मोठी होत जाते. १३बीच्या घरात एक्झॉस्टचे भोक परिघावरच असते आणि रोटरच्या टोकावरची सील त्यावरून सरकली, की दाबाखालचा वायू जवळपास एकदम मोकळा होतो. त्यामुळे प्रत्येक धक्क्याच्या तोंडाशी दाबाची उभी भिंत असावी तशी तीव्र लाट असते, आणि तीच कानाला चिरणारा तडतडाट म्हणून ऐकू येते. याच्या जोडीला तापमान येते. रोटरीचा ज्वलनकक्ष लांबट आणि पसरट असल्याने ज्वलन उशिरा संपते, काही इंधन न जळताच बाहेर येते आणि ते नळीत जळत राहते. पूर्ण ताकदीवर एक्झॉस्टचा वायू ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, तर पिस्टन इंजिनात तो साधारणपणे ७०० ते ८०० अंशांच्या आसपास असतो. रोटरीला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नसल्याने इंजिन ही उष्णता सहज सोसते, परंतु तिचा सगळा भार नळीवर आणि सायलेन्सरवर येतो. माझदाने आपल्या सुरुवातीच्या आरएक्स-७ गाड्यांमध्ये याच न जळलेल्या इंधनाचा उपयोग करून थर्मल रिॲक्टर बसवला होता. तो इंधनाचे उरलेले अंश एक्झॉस्टमध्येच जाळून टाकीत असे. नळीत किती आग शिल्लक असते, याची यावरून कल्पना यावी.

यात आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे चालवण्याची पद्धत. रस्त्यावरची गाडी पूर्ण ताकदीवर क्षणभरच असते. विमानाचे इंजिन मात्र चढताना अनेक मिनिटे पूर्ण ताकदीवर आणि नंतर तासन् तास तीन चतुर्थांश ताकदीवर चालते. शर्यतीच्या गाडीसाठी विकला जाणारा सायलेन्सर येथे का टिकत नाही, याचे उत्तर या फरकात आहे. आमच्या इंजिनासोबत आलेला सायलेन्सर त्याच जातीचा होता: मध्ये छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती काचतंतूची लोकर. जमिनीवरच्या सुरुवातीच्या धावण्यातच लोकर वितळून आणि तुकडे होऊन मागच्या तोंडातून बाहेर पडली, छिद्रांची नळी एका बाजूने फाटली आणि आवाज मूळपदावर आला. पैठण रस्त्यालगतच्या ज्या शिवारात आम्ही इंजिन चालवतो, तेथील शेजारच्या गोठ्यातील म्हशी दावे तोडू लागल्या, आणि त्या शेतकऱ्याने सौजन्याने पण स्पष्ट शब्दांत आम्हाला चाचण्या थांबवायला सांगितले. त्याची तक्रार पूर्णपणे रास्त होती.

वाळूजच्या या कारखान्याची निवड करताना मुख्य विचार असा होता, की १९८५ मध्ये बजाजचा कारखाना तेथे सुरू झाल्यापासून दुचाकी आणि रिक्षा यांच्या सुट्या भागांच्या कामात या वसाहतीचे हात मुरलेले आहेत. नळी वाकवणे, पत्रा गुंडाळणे, छिद्रे पाडणे आणि पातळ पत्र्याला पातळ पत्रा जोडणे ही तेथील रोजची कामे आहेत. विमानाच्या कामासाठी तेवढे पुरत नाही, हेही खरे. म्हणून पहिल्या भेटीत कारखान्याचे लोक काय विचारतात याकडे मी बारकाईने लक्ष दिले. याआधी शहरातील इतर एक-दोन ठिकाणी पहिला प्रश्न आवाज किती हवा, हा होता. येथे वेल्डिंगचे प्रमुख, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी आधी आमच्या जुन्या नळीवरची खपली नखाने उचकटली, तिची जाडी बोटांनी चाचपली आणि विचारले, “सर, ही नळी एका वेळी किती वेळ लाल राहणार?” त्यानंतरचा त्यांचा प्रश्न होता, की तापल्यावर नळीला वाढायला जागा कोणत्या बाजूला ठेवली आहे. या दोन प्रश्नांवरच काम त्यांच्याकडे द्यायचे नक्की झाले.

धातूच्या निवडीवर सर्वांत जास्त चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. बाजारात सहज मिळणारे स्टेनलेस म्हणजे ३०४. ते स्वस्त आहे, जोडायला सोपे आहे आणि कमी तापमानाला उत्तम आहे; परंतु साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ते दीर्घकाळ राहिले, तर त्यातील क्रोमियम कार्बनशी संयोग पावून कणांच्या सीमारेषांवर साचते आणि त्या सीमारेषा गंजायला व तडकायला मोकळ्या होतात. रोटरीच्या नळीचा धातू बराच काळ नेमका याच पट्ट्यात असतो. ३२१ या प्रकारात टायटॅनियम मिसळलेले असल्याने कार्बन त्याच्याशी बांधला जातो आणि क्रोमियम जागेवर राहते. विमानांच्या एक्झॉस्टसाठी ३२१ पूर्वापार वापरले जाते ते याचसाठी. ३१० मध्ये २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल असते आणि उच्च तापमानात खपली न धरण्याच्या बाबतीत ते ३२१ च्या पुढे आहे, परंतु ६५० ते ९०० अंशांच्या दरम्यान फार काळ राहिल्यास ते ठिसूळ होऊ लागते. इन्कोनेल ६२५ हे निकेलवर आधारलेले मिश्रधातू या सर्वांपेक्षा सरस आहे, पण त्याचा भाव ३०४ च्या कैकपट आहे आणि दोन-तीन मीटर नळीसाठी कोणी गठ्ठा फोडून देत नाही.

मालकांनी मांडलेला तोडगा मला पटला. इंजिनापासून निघणाऱ्या दोन नळ्या आणि त्यांचा संगम १.६ मिलिमीटर जाडीच्या ३२१ मध्ये, सायलेन्सरचे बाहेरचे कवच १.२ मिलिमीटरच्या ३२१ मध्ये, आणि ज्या भागावर वायूचा पहिला मारा बसतो तो आतला छिद्रांचा भाग २ मिलिमीटरच्या ३१० मध्ये. आतला भाग ठिसूळ होण्याची शक्यता धरूनच तो बदलता येईल असा बोल्टच्या झाकणाखाली ठेवला आहे. झाकणाची ही कल्पना पूर्णपणे कारखान्याची आहे, आणि या संपूर्ण कामातील सर्वांत दूरदर्शी गोष्ट तीच आहे असे माझे मत आहे. वेल्ड करून कायमचा बंद केलेला सायलेन्सर बाहेरून कितीही सुबक दिसला, तरी आत काय चालले आहे हे उडण्यापूर्वी पाहता येत नाही.

हे पाहता येणे इतके महत्त्वाचे का, तेही सांगायला हवे. रोटरीच्या सायलेन्सरमधले आतले भाग तुटणे ही जगभरच्या हौशी बांधणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. तुटलेला पडदा किंवा नळीचा तुकडा वायूबरोबर वाहत जाऊन मागच्या तोंडावर आडवा बसला, तर एक्झॉस्टचा दाब एकाएकी वाढतो, जळका वायू नव्या मिश्रणात मिसळू लागतो आणि इंजिनाची ताकद उतरते. जमिनीवर हा त्रास असतो, हवेत मात्र तो जिवावर बेततो. म्हणून आम्ही एक अट घातली होती, की आत असे काहीही नसावे, की जे तुटल्यावर बाहेरच्या तोंडापेक्षा मोठा तुकडा होऊन तोंड बुजवील. कारखान्याने त्यावर उपाय म्हणून बाहेरच्या नळीचे तोंड कक्षात काही सेंटिमीटर आत घेतले, त्याच्या बाजूंनाही मोठी भोके ठेवली आणि आतल्या भागाच्या मागे दोन आडव्या सळया टाकल्या, म्हणजे तुकडा आला तरी सळयांवर अडेल आणि वायूला बाजूच्या भोकांतून वाट राहील.

सायलेन्सरच्या आत लोकर अजिबात नाही. आवाज कमी करण्याचे काम दोन गोष्टी करतात: मोठा मोकळा कक्ष आणि त्यात येणारी छिद्रांची नळी. आत येणारी आणि बाहेर जाणारी नळी ६३ मिलिमीटरची असून कवचाचा व्यास १९० मिलिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे नऊ पट वाढते. ९०० अंश तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ६७० मीटरच्या जवळपास असतो, म्हणून २०० हर्ट्झच्या मूळ स्वराची तरंगलांबी ३.३ मीटरच्या पुढे जाते. कक्षाची लांबी तरंगलांबीच्या पावपट असली तर तो सर्वाधिक काम करतो, आणि नऊ पट क्षेत्रफळाला ही कमाल मर्यादा सूत्राप्रमाणे सुमारे १३ डेसिबल येते. पण २०० हर्ट्झसाठी त्यासाठी ८४ सेंटिमीटर लांबीचा कक्ष लागेल, आणि आमच्या इंजिनाखाली जेमतेम ४० सेंटिमीटर मावतात. त्या ४० सेंटिमीटरमध्ये मूळ स्वर सुमारे १० डेसिबलने उतरतो. दुपटीच्या स्वराला, म्हणजे ४०० हर्ट्झला, मात्र हीच लांबी जवळजवळ पावपट ठरते आणि पूर्ण लाभ मिळतो. रोटरीच्या धक्क्यात वरचे स्वर भरपूर असतात, त्यामुळे हा लाभ किरकोळ नाही. अर्थात ही सूत्रे हलक्या ध्वनिलहरींसाठी आहेत आणि रोटरीच्या नळीतील लाट त्या मर्यादेत राहत नाही. म्हणून त्या लाटेचे टोक आधी बोथट करण्यासाठी छिद्रांची नळी हवीच.

येथे कारखान्याचा आणि माझा मतभेद झाला. दुचाकीच्या सायलेन्सरच्या सवयीने त्यांनी कक्षात तीन आडवे पडदे सुचवले होते, कारण त्याने आवाज आणखी खाली गेला असता. १३बीच्या एक्झॉस्टला अडथळा केला की ताकद जाते, आणि पातळ आडवा पडदा हाच या तापमानात सर्वांत आधी तडकणारा भाग असतो, म्हणून मी पडद्यांना नकार दिला. मालकांनी हट्ट धरला नाही. छिद्रांच्या एकूण क्षेत्रफळाचा हिशेब मांडून ते नळीच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून जास्त ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आणि तसे काटेकोरपणे केले.

वेल्डिंगबद्दल लिहिताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. स्टेनलेसची नळी बाहेरून टिगने जोडताना आतल्या बाजूला हवा असेल, तर सांध्याची आतली कड जळून काळी, दाणेदार आणि खडबडीत होते. बाहेरून सांधा चांदीसारखा दिसतो आणि आतून तो आधीच अर्धा मेलेला असतो. हे टाळण्यासाठी नळीत आर्गन भरावा लागतो, आणि आर्गनचा खर्च वाचवण्यासाठी नेमकी हीच पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. उस्तादांनी नळीची दोन्ही टोके ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केली, एका टोकाला आर्गनची बारीक नळी आणि दुसऱ्या टोकाला टाचणीएवढे भोक ठेवले, आणि भोकाशी लायटरची ज्योत धरून ती विझेपर्यंत वेल्डिंगला हात लावला नाही. पहिला सांधा त्यांनी नमुना म्हणून केला आणि तो उभा चिरून दोन्ही अर्धे माझ्या हातात दिले. आतली कड बाहेरच्यासारखीच गुळगुळीत होती, किंचित सोनेरी झाक असलेली, आणि बोट फिरवले तर कोठेही अडकत नव्हते. ३२१ साठी त्यांनी ३४७ ची फिलर तार वापरली, कारण टायटॅनियम वेल्डिंगच्या ज्वाळेत टिकत नाही आणि ३४७ मधले नायोबियम तेच काम करते. हे त्यांना सांगावे लागले नाही. तार आधीच टेबलावर काढून ठेवलेली होती.

वाढीला जागा ठेवण्याचा उस्तादांचा प्रश्न पुढे प्रत्यक्ष रचनेत उतरला. पाऊण मीटर लांबीची स्टेनलेसची नळी ७०० अंशांनी तापली, तर ती ९ ते १० मिलिमीटरने लांबते. दोन्ही टोके घट्ट बांधलेली असतील, तर हे १० मिलिमीटर कोठेतरी निघतातच, आणि बहुधा ते फ्लँजच्या (नळीच्या टोकाला बोल्टने बसणाऱ्या जाड कडीच्या) वेल्डला तडा पाडून निघतात. आमच्या व्यवस्थेत दोन्ही नळ्या संगमात सरकत्या सांध्याने शिरतात आणि स्प्रिंगांनी धरलेल्या आहेत. इंजिनाच्या तोंडाचे फ्लँज १० मिलिमीटर जाडीचे आहे आणि वेल्डिंगनंतर ते पुन्हा मिलिंगवर सपाट केलेले आहे. सायलेन्सर संपूर्णपणे इंजिनालाच टांगलेला आहे, विमानाच्या सांगाड्याला त्याचा एकही आधार नाही. कारण इंजिन रबरी माउंटवर हलते आणि सांगाडा हलत नाही, त्यामुळे दोघांमध्ये अडकलेला सायलेन्सर फार दिवस जगत नाही.

चाचण्या ऐन उन्हाळ्यात झाल्या. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या आसपास उंच आहे आणि ४२ अंशांच्या दुपारी हवेची घनता सुमारे १७०० मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेएवढी विरळ होते, त्यामुळे इंजिनाची पूर्ण ताकद मिळत नाही. सायलेन्सरची खरी परीक्षा म्हणून आम्ही पहाटेच्या गार हवेतही इंजिन चालवले. आवाजातील फरक पहिल्या मिनिटालाच जाणवला. कान फाडणारा तडतडाट नाहीसा झाला आणि त्याच्या जागी जाड, एकसुरी घुमणे राहिले; पूर्ण थ्रॉटलवर पंख्याचा आवाज एक्झॉस्टच्या वर ऐकू येऊ लागला. शेजारचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला, थोडा वेळ ऐकले आणि आता चालवायला हरकत नाही म्हणाला. मोकळ्या नळीच्या तुलनेत पूर्ण थ्रॉटलवर फेऱ्यांमध्ये पडलेला फरक टॅकोमीटरवर जेमतेम वाचता येण्याइतका होता, म्हणजे अडथळा नगण्य आहे.

त्यानंतर झाकण उघडून सर्व भाग बाहेर काढले. आतल्या ३१० च्या नळीवर एकसारखा करडा थर होता, छिद्रांच्या कडा शाबूत होत्या, सळया सरळ होत्या. दोन्ही नळ्यांवर फ्लँजपासून संगमापर्यंत करड्यापासून जांभळ्या आणि मग गवती पिवळ्या रंगापर्यंतचे पट्टे उतरत गेले होते. दोष एकाच ठिकाणी सापडला: मागच्या नळीला धरणाऱ्या पट्टीच्या वेल्डच्या टोकाशी केसाएवढा तडा होता, नखाने चाचपला तरच कळणारा. पट्टी सरळ पातळ नळीवर जोडल्याने तिच्या टोकाशी ताण एकवटत होता. कारखान्याने काहीही न आकारता ती पट्टी काढली, नळीभोवती गोल कोपऱ्यांची दुहेरी पट्टी बसवली आणि नवीन पट्टी तिच्यावर जोडली. त्यानंतरच्या धावण्यांत तेथे काही दिसलेले नाही. सेवेचा दर्जा मी अशाच वेळी मोजतो, आणि येथे कारखान्याला पूर्ण गुण द्यावे लागतील.

आता उणिवा. आम्ही ६ किलोची मर्यादा सांगितली होती आणि संपूर्ण जोडणी ७ किलोच्या वर गेली. यातला बराचसा भाग जाड फ्लँज आणि बोल्टच्या झाकणाचा आहे आणि तो मी आनंदाने स्वीकारतो, पण वजन वाढते आहे हे काम चालू असतानाच कळवायला हवे होते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बिलावर केवळ स्टेनलेस एवढेच लिहून आले. कोणत्या नळीचा कोणता हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक), कोणत्या कारखान्याचे मटेरियल सर्टिफिकेट, याची कागदपत्रे मागून मागून मिळवावी लागली, आणि प्रत्यक्ष बनलेल्या मापांचे रेखाचित्र मिळालेच नाही. दुचाकीच्या भागासाठी हे चालून जात असेल. ज्या वस्तूचा हिशेब पुढे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवायचा आहे, तिच्यासाठी हे मुळीच चालत नाही. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात अनेकांनी पाहिले, आणि त्याच्या नोंदणीसाठी व परवानगीसाठी पुढे त्यांना किती काळ झगडावे लागले हेही वर्तमानपत्रांतून आले होते. कागद जितके चोख असतील तितका हा रस्ता सोपा होतो, म्हणून ऑर्डर देतानाच सर्टिफिकेटची अट लेखी घालावी, असे मी आग्रहाने सांगेन.

तारखेबद्दल एवढेच, की मोठ्या पुरवठादारांचे काम आले की आमची नळी बाजूला पडत असे, आणि दिवाळीपूर्वी मिळायचे काम हुरड्याच्या दिवसांत हातात आले. किंमत साध्या ३०४ च्या सायलेन्सरपेक्षा बरीच जास्त आहे. ३२१ चा भाव, आर्गन आणि चिरून दाखवलेला नमुना हे सर्व पाहता ती मला योग्य वाटते.

कारखान्याचे काम नळीपाशी संपते, ही गोष्ट ग्राहकाने आधीच ध्यानात घ्यावी. नळीतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या उष्णतेची व्यवस्था आपल्यालाच करावी लागते. तप्त पृष्ठभागाचे उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून ६५० अंशांच्या नळीच्या तुलनेत ९०० अंशांची नळी अडीच पटीहून जास्त उष्णता भोवताली फेकते. आमचे काउलिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचे आवरण, फायबरग्लास आणि इपॉक्सीचे आहे, आणि खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी इपॉक्सी शंभर अंशांच्याही आत मऊ पडू लागते. आम्ही नळीपासून अंतर सोडून पातळ स्टेनलेसचे आडपत्रे बसवले, इंधनाच्या नळ्या विरुद्ध बाजूला नेल्या आणि नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळण्याचा मोह टाळला, कारण पट्टीने धातू आणखी तापतो आणि तडे झाकले जातात. केबिन गरम करण्यासाठी सायलेन्सरभोवती कवच घालून हवा घेण्याची जुनी पद्धतही आम्ही सोडून दिली आहे. रोटरी पाण्याने थंड होणारे इंजिन आहे, उष्णता त्या पाण्यातून घेता येते आणि कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरण्याची एक वाट कायमची बंद होते. कारखान्याने आडपत्र्यांसाठी नळीवर चार कान जोडून दिले असते, तर आम्हाला क्लॅम्प लावावे लागले नसते; पुढच्या ग्राहकाने ते आधीच मागून घ्यावेत.

रोटरीसाठी एक्झॉस्ट बनवून घेऊ इच्छिणाऱ्याने आपल्या इंजिनाचा प्रकारही नीट सांगावा. माझदाच्या आरएक्स-८ गाडीतल्या रेनेसिस या रोटरी इंजिनात एक्झॉस्टची भोके परिघावर नसून बाजूच्या भिंतींत आहेत आणि मधले भोक दोन्ही रोटरना सामायिक आहे, त्यामुळे तेथे दोनऐवजी तीन तोंडे येतात आणि मधल्या नळीला उसंत कमी मिळते. आमच्या फ्लँजचा साचा त्याला चालणार नाही, आणि मधल्या नळीसाठी धातूचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

आम्ही त्याच कारखान्याला आतल्या छिद्रांच्या नळीचा दुसरा संच इन्कोनेल ६२५ मध्ये बनवण्याचे काम दिले आहे. या वेळी पत्रा आम्हीच सर्टिफिकेटसह आणून दिला आहे, वजनाची मर्यादा ऑर्डरवर लिहिली आहे आणि बनलेल्या मापांच्या रेखाचित्रासाठी शेवटचा हप्ता राखून ठेवला आहे. मालकांनी या तिन्ही अटींवर सही केली आहे, आणि ३१० ची नळी काढून तिच्या जागी ६२५ ची बसवताना झाकणाच्या बोल्टखाली नवीन गॅस्केट लागेल, हे त्यांनी स्वतःहून यादीत जोडले आहे.